असला म्हणजे कसला?

प्रश्न : बाई, माझी मुलगी बालकवींची ‘औदुंबर’ पाठ करत होती. आठच ओळी. झरा, गाव, शेतं, पायवाट, झाड. घडत तर काहीच नाही. मग जाणकार शंभर वर्षं या कवितेभोवती का घुटमळतात?

उत्तर : वर्गात ही कविता शिकवताना मी अर्थ सांगण्याआधी चित्र काढायला लावायची. झरा निळा, कुरणं हिरवी, पायवाट पांढरी. रंग कवितेतच दिलेले, मुलं भराभर रंगवत. हात अडायचा तो डोहाशी. काळा रंग फासला की चित्र भेसूर व्हायचं आणि कविता तर ‘गोड काळिमा’ म्हणते. तो गोडवा एकाही मुलाला रंगवता आला नाही. मलाही नाही.

घडत काहीच नाही म्हणता, तर जरा क्रियापदं बघा. झरा ‘वाहतो’, पायवाट काळ्या डोहाकडे ‘चालली’. सगळं कुठे ना कुठे निघालेलं. बसलाय तो एकटा औदुंबर, पाण्यात पाय टाकून. कवितेत माणूस कुठेच नाही, त्या पायवाटेवरसुद्धा नाही. माणसासारखं निवांत बसणं मात्र झाडाच्या वाट्याला आलंय.

बालकवी 1918 साली भादलीजवळ रेल्वे अपघातात गेले, अवघ्या 27व्या वर्षी. त्यामुळे काहीजण त्या डोहात मृत्यूची सावली शोधतात. मला ते पटत नाही. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला थोडंच ठाऊक होतं! मला त्या काळिम्यात गर्द सावलीचा गारवाच जाणवतो.

एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, ‘असला औदुंबर’ म्हणजे कसला?” मी म्हटलं, “असा.” उत्तर दिलं खरं, पण तो शब्द मनातून जाईना. ‘असला’ आपण कधी म्हणतो? वस्तू समोर असते, शेजारी कुणीतरी उभं असतं, आणि आपण बोट दाखवतो तेव्हा. सात ओळी कवी नुसता दाखवत नेतो, आठव्या ओळीत कळतं की तो इतका वेळ आपल्या शेजारीच उभा होता. एवढ्या साध्या शब्दात एवढी जवळीक मी दुसरीकडे फारशी पाहिली नाही.

मुलीला चित्र काढायला सांगा. मग विचारा, हे सगळं बघताना तू कुठे उभी आहेस? माझी बहुतेक मुलं ‘ऐल तटावर’ म्हणत. एकानं मात्र सांगितलं होतं, “झाडाशेजारी बसलोय, पाण्यात पाय सोडून.”