दर सांगितल्यावरचं ते एक वाक्य

"मॅडम, दर किती सांगू?" फ्रीलान्स लिहिणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा हाच प्रश्न घेऊन. जास्त सांगितला तर काम हातचं जाईल, कमी सांगितला तर परवडत नाही.

तीही तशीच आलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) चार वर्षं लेख, माहितीपत्रकं लिहीत होती. कामाला तोटा नाही, पण महिनाअखेरीस हात रिकामे. दर कळवलेले तिचे शेवटचे पाच मेल मी मागून वाचले. पाचहींच्या शेवटी एकच ओळ: "कमी-जास्त करता येईल, आपल्याला योग्य वाटेल ते द्या." समोरच्याने तोंड उघडायच्या आत हिची माघार!

आधी हिशेब घेतला. 800 शब्दांच्या लेखाला किती वेळ? "तीन तास," ती चटकन म्हणाली. पुढच्या लेखाच्या वेळी वहीत नोंद ठेवायला सांगितली. लिहायला 3 तास, बरोबर. पण वाचनाला 2, फोनवरची मुलाखत घेऊन ती उतरवायला 2, दुरुस्त्यांना दीड, मेल, बिल आणि पैशांची आठवण करण्यात अर्धा. झाले 9. तासाला मिळतात असं ती समजत होती, त्याच्या एक तृतीयांशच पडत होते. बराच वेळ ती वहीकडे बघत बसली.

मग महिन्याचा खर्च, कर, आजारपणाचे आणि बिनकामाचे दिवस धरले आणि बिल लावता येतं तेवढ्याच तासांनी भागलं. आला तो तळाचा आकडा. त्याखाली जायचं नाही. शब्दामागे दराचं मला स्वतःला फारसं कौतुक नाही. 60 शब्दांची जाहिरात कधीकधी अख्खा दिवस खाते. कामाचा ठोक दर, दोनदाच दुरुस्ती, अर्धे पैसे आगाऊ, असं ठरलं.

खरी अडचण पुढेच होती. मी ग्राहक झाले. तिने आकडा सांगितला, मी गप्प बसले. चार सेकंदांत तिच्या तोंडून "पण..." निघालंच. हा खेळ आम्ही सात-आठ वेळा खेळलो. शेवटी ती ओठ घट्ट मिटून बसली आणि आम्ही दोघी हसलो.

पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. ग्राहकाने "बजेटमध्ये बसत नाही" कळवलं होतं. तिने उत्तर दिलं होतं, "मग मुलाखत वगळू आणि 500 शब्दांत बसवू." काम कमी म्हणून रक्कम कमी, पण तासामागचा दर तोच ठेवला होता. खाली एक ओळ होती: "अजून उत्तर नाही आलं. पण मी दुसरा मेल केला नाहीये."