एव्हरेस्ट डेटमवरून (जुन्या भारतीय नकाशांची निर्देशांकांची चौकट) डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएसची चौकट) येताना रूपांतराचे सात पॅरामीटर लावूनही मीटर-दीड मीटर फरक उरतो. डिस्टॉर्शन, म्हणजे जुन्या जाळ्याचा वाकडेपणा, मॉडेल करावा की खराब बिंदू वगळावेत?

बिंदू वगळू नका. आधी प्रत्येक बिंदूवर उरलेला फरक किती आणि कुठल्या दिशेला, हे दाखवणारे बाण रेखाटा.

सातारा-सोलापूर पट्ट्यात कालव्याची आखणी होती. जुन्या त्रिकोणीकरणाचे (त्रिकोणांचं जाळं टाकून केलेल्या मोजणीचे) चौदा बिंदू आम्ही पायपीट करून शोधले. शेवटचा एका टेकडीवर होता. गवत बाजूला सारलं तर कातळात कोरलेलं वर्तुळ, मधोमध टिंब. त्यावर ट्रायपॉड लावून चार तास बसलो. सात पॅरामीटर बसवल्यावर चार बिंदूंवर दीड मीटरच्या वर फरक. साहेब म्हणाले, "जीपीएसची चूक आहे, हे चार उडवा." उडवले. उरलेल्या दहांचा फरक चाळीस सेंटीमीटरवर आला, अहवाल देखणा झाला.

मला ते पटेना. रात्री ग्राफ पेपरवर चौदाही बाण लाल पेन्सिलीने काढले. उडवलेले चारही बिंदू पूर्वेकडे, एकमेकांशेजारी, आणि चारही बाण वायव्येला! मोजणीतल्या चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. त्यातले दोन बिंदू पदरच्या पैशाने पुन्हा मोजले. पहिल्या मोजणीशी दोन सेंटीमीटरच्या आत जुळले. कालव्याचा शेवटचा टप्पा नेमका त्याच बाजूने जाणार होता.

दोष जुन्या निर्देशांकांतच आहे. १८८० चं समायोजन, म्हणजे सगळ्या मोजण्या एकमेकींत बसवण्याचं गणित, हातानं, देशाचे भाग पाडून, एकामागून एक झालं. आधीचा भाग पक्का धरून पुढचा त्यात बसवला. सात पॅरामीटर अख्खं जाळं सरकवतात, फिरवतात, लहानमोठं करतात. वाकलेलं जाळं सरळ करणं त्यांचं काम नाही. एव्हरेस्टवरून डब्ल्यूजीएस ८४ वर सरकवायचे २९५, ७३६, २५७ मीटर हे तीन छापील आकडे डोळे मिटून वापरणाऱ्यांनी तर हेही पाहावं की प्रत्येकापुढे दहा-पंधरा मीटरची अनिश्चितता छापलेलीच आहे.

उरलेल्या फरकावर लीस्ट स्क्वेअर्स कोलोकेशन (जवळच्या बिंदूंच्या फरकांवरून मधल्या जागांचा फरक काढायची पद्धत) लावून ग्रिड करा, म्हणजे कुठे किती दुरुस्ती याची चौकोनी जाळी. मग एकेक बिंदू बाजूला ठेवून बाकीच्यांवरून त्याचा फरक येतो का ते तपासा. ऑस्ट्रेलियात जीडीए ९४ या त्यांच्या जुन्या डेटमवरून जीडीए २०२० या नव्या डेटमवर जायला दोन ग्रिड आहेत, एक डिस्टॉर्शनसकट, एक त्याशिवाय. कोणती घ्यायची हे जुने निर्देशांक कसे आले होते त्यावर ठरतं.

हां, बिंदू पाच-सहाच असतील तर ग्रिडच्या नादी लागू नका. बिंदूंच्या घेराबाहेर ती वापरू नका. उंचीचा हिशोब वेगळा.

त्या चार बिंदूंपुढे आमच्या अहवालात अजून "सदोष" असा शेरा आहे. तो चुकीचा आहे.