खाऱ्या पाण्याच्या टँकमधला नवा वॉचमन गोबी मासा चार दिवस दिसत नाही. मेला असेल का?

बहुतेक नाही. पिवळा वॉचमन, शंभर लिटरचा टँक, दगडाखाली शिरला तो बाहेरच आला नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा, इथे वाशीत, नऊ दिवस गायब होता. सहाव्या दिवशी धीर सुटून मी दगड उचलले आणि त्याने खणलेलं बीळच ढासळलं. तेवढं करू नका. पाण्यातला अमोनिया तपासा, मासा मरून कुजला तर तो वाढतो; शून्य असेल तर गप्प बसा. सकाळी लाईट लागल्यावर लांबून बघा, बिळाच्या तोंडाशी थोबाड दिसेल.

खाडीत ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहिली असेलच. हा तिच्याच गोतातला, उडी मारायची खोडही तीच. टँकवर बारीक जाळी हवीच. माझा पहिला गोबी सकाळी सोफ्यामागे वाळलेला सापडला.

दगड वाळूवर ठेवलेत का? मग ते आधी बघा. हा खालून पोखरतो आणि दगड त्याच्याच अंगावर येतो. दगड थेट काचेवर टेकवायचे, वाळू नंतर भरायची, निदान दोन इंच.

खाणं वरून टाकलंत तर बाकीचे मासे फस्त करतात. सिरिंजला नळी लावून बिळाच्या तोंडाशी सोडा. फ्रोझन मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, उत्तम. मी ताजा जवळा धुऊन फ्रीझ करतो, तोही चालतो. सुका खारवलेला नको.

आपल्याकडे खरा शत्रू उकाडा. २४ ते २७ अंश ठेवायचं. पाण्यावर पंखा मारला की मे महिन्यात भागतं, पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. खाडीचं पाणी आणायचा मोह नको.

जोडीला दुकानदार डायमंड गोबी सुचवतोय, तो घेऊ नका. तो वाळू चाळून खातो, एवढ्या टँकमध्ये उपाशी मरेल. त्यापेक्षा पिस्टल कोळंबी आणा. तिला धड दिसत नाही, म्हणून ती मिशी गोबीच्या अंगाला लावून बीळ खणते आणि हा दारात पहारा देतो. तिच्या नांगीचा ‘टक्’ आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा काच तडकली समजून मी रात्री दोनला घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. एक मात्र, ती आली की टँकमध्ये तांब्याचं औषध कधीच घालायचं नाही, कोळंबी मरते.