सहा महिन्यांचा सायबर सुरक्षेचा क्लास लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चोपड्याला बी.एस्सी. संगणकशास्त्राचे शेवटचे वर्ष चालू आहे, पुण्यातील एका क्लासने सहा महिन्यांत सायबर सुरक्षा शिकवून नोकरीची हमी देतो असे सांगत दीड लाख रुपये मागितले आहेत, वडील केळीच्या पैशांतून ते भरायला तयार आहेत, आणि ‘आयटीत आता काही राहिले नाही’ असे जो तो सांगत असल्याने तुमचा पाय अडखळतो आहे. मी अमळनेरचा. गेली अकरा वर्षे याच कामात आहे; त्यांतील पहिली तीन जळगावात गेली आणि पुढची पुण्यात. माझे मत असे की या क्षेत्रात जरूर यावे, पण सुरक्षेची नोकरी हा बहुतेकांसाठी वरचा मजला असतो आणि त्याचा जिना नेटवर्क व सर्व्हरच्या साध्या कामातून जातो, हे ओळखून यावे.

नवख्या मुलाला मिळू शकणारे सुरक्षेतील पहिले पद म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमधील विश्लेषक. कंपनीच्या यंत्रणांवर रात्रंदिवस पाळत ठेवणारी ही जागा; आम्ही तिला ‘सॉक’ म्हणतो. तेथे तीन पाळ्यांत काम चालते आणि नव्या माणसाच्या वाट्याला रात्रपाळी हमखास येते. समजा, पहाटे पावणेतीनला पडद्यावर इशारा येतो की एका कर्मचाऱ्याच्या खात्यातून पुण्याहून लॉगिन झाले आणि वीस मिनिटांनी तेच खाते सिंगापूरहून उघडले गेले. हा माणूस वीस मिनिटांत सिंगापूरला पोहोचणे शक्य नाही. परंतु त्याने व्हीपीएन (म्हणजे आपले इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून वळवून नेणारी सोय) लावले असेल तर हेच चित्र दिसते, आणि पासवर्ड चोरीला गेला असेल तरीही हेच दिसते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर आयपी पत्ता (नेटवर्कवरील मशीनचा क्रमांक), डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून तो क्रमांक शोधणारी व्यवस्था), लॉगिनच्या नोंदी आणि त्या कर्मचाऱ्याचा नेहमीचा रिवाज या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो आणि नंतर चार ओळींत नेमके काय घडले ते लिहून द्यावे लागते. ज्याने सर्व्हर नीट चालताना पाहिलेलाच नाही, त्याला तो बिघडलेला कसा ओळखू येणार? सहा महिन्यांच्या वर्गात साधनांची नावे पाठ होतात, ही नजर मात्र तयार होत नाही.

माझी नजर तयार झाली ती साडेसात हजार रुपये पगारावर. जळगावात संगणक आणि नेटवर्कच्या देखभालीची कंत्राटे घेणाऱ्या एका दुकानात मी होतो. दालमिल, चटईचे कारखाने, सराफांच्या पेढ्या, पतसंस्था असे आमचे ग्राहक होते. २०१६ मध्ये एका पतसंस्थेच्या सर्व्हरवरील साऱ्या फायली एका सकाळी कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. बॅकअप रोज संध्याकाळी न चुकता घेतला जात होता; पण ज्या हार्ड डिस्कवर तो जात होता ती रात्रंदिवस त्याच सर्व्हरला जोडलेली असल्याने तीही त्यात गेली. व्यवस्थापकांच्या कपाटात मार्चअखेरचा एक बॅकअप निघाला, म्हणून निभावले. पुढचे एकोणीस दिवस आम्ही कागदी स्लिपांवरून नोंदी पुन्हा भरत होतो. हे झाले कसे, तर घरून दुरुस्ती करता यावी म्हणून आम्हीच रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दूर बसून सर्व्हर चालवण्याच्या सोयीचे, दार इंटरनेटवर उघडे ठेवले होते आणि पासवर्ड कोणालाही सुचेल असा होता. सुरक्षेचे जे काही मी पुढे शिकलो, त्याची मुळे त्या एकोणीस दिवसांत आहेत आणि पुण्यातील पहिल्या मुलाखतीत अर्धा तास याच प्रसंगावर प्रश्न विचारले गेले.

आता मागणीविषयी. कोडिंगच्या सुरुवातीच्या नोकऱ्या आटल्याची चर्चा तुम्ही ऐकता, तिच्यात तथ्य आहे. कंपन्या पूर्वीसारखी घाऊक भरती करत नाहीत. सुरक्षेच्या कामाला मात्र बाजाराखेरीज कायद्याचाही रेटा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचूच न देता चोरट्यांच्या बनावट स्विचने (एटीएम आणि बँक यांना जोडणाऱ्या यंत्रणेच्या नकलेने) त्या परस्पर मंजूर केल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट लागू केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार तिचे चार स्तर ठरवले. सहकारी बँका आपल्या खानदेशात गावोगावी आहेत, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पुढे सर्ट-इन या सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. या नोंदी ठेवणारी, तपासणारी आणि त्यांचे लेखापरीक्षण करणारी माणसे लागतातच. लेखापरीक्षण आणि नियमपालन ही शाखा मुलांना नीरस वाटते म्हणून तिच्याकडे गर्दी कमी असते. ज्याला नीट वाचता आणि नीट लिहिता येते त्याने तिचा अवश्य विचार करावा.

अभ्यासाचा क्रम मी असा सुचवीन. आधी सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्राथमिक प्रमाणपत्राच्या पाठ्यक्रमाइतके नेटवर्किंग आणि रोजच्या वापरातली लिनक्स ही संगणकप्रणाली, मग थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. जुन्या लॅपटॉपवर रॅम वाढवून व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच संगणकात चालणारे आभासी संगणक, चालवता येतात; त्यांवर नोंदी गोळा करून इशारे देणारे वाझू हे मोफत साधन बसवा, स्वतःच्याच दुसऱ्या मशीनवर चुकीच्या पासवर्डांचा मारा करा आणि नोंदीत तो कसा दिसतो ते वाझूत पाहा, आणि नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये तो कसा दिसतो तेही पाहा. वेबच्या सुरक्षेसाठी पोर्टस्विगरची अकादमी विनामूल्य आहे आणि माझ्या मते अनेक महागड्या वर्गांपेक्षा ती सरस आहे. प्रमाणपत्रच हवे असेल तर सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचे प्रमाणपत्र पुरे. सीईएच हे ‘एथिकल हॅकिंग’चे प्रमाणपत्र भारतातल्या जाहिरातींत पुष्कळ दिसते, पण त्याचा खर्च पाहता ते स्वतःच्या खिशातून करण्याऐवजी नोकरी लागल्यावर कंपनीकडून करून घ्यावे. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून आज त्याचे नाव घेणाऱ्या क्लासपासून दोन हात दूर राहावे. आणखी एक: सराव फक्त स्वतःच्या मशीनवर किंवा सरावासाठीच उघडलेल्या संकेतस्थळांवर करा. कॉलेजचा वाय-फाय किंवा कोणाचे संकेतस्थळ परवानगीशिवाय ‘नुसते तपासून पाहिले’ तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचा बडगा बसू शकतो, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि असा गुन्हा नावावर असलेल्याला या क्षेत्रात कोणी घेत नाही.

पदवीनंतर शिकायचेच असेल तर आपल्या जळगावच्या विद्यापीठात एम.एस्सी. किंवा एमसीए करता येते, आणि त्या पात्रतेवर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा यंत्रणा व सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. तोही सुमारे सहाच महिन्यांचा असतो, पण तेथे येणाऱ्याचा पाया आधीच भरलेला असतो.

इंग्रजीची धास्ती तुम्ही प्रश्नाच्या शेवटी बोलून दाखवली आहे. आमच्या घरी अहिराणीच बोलली जाई आणि परदेशी ग्राहकाच्या पहिल्या कॉलवर मी दोन वाक्यांपलीकडे गेलो नाही. रोज घडलेल्या एका घटनेचा अहवाल लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा असे केल्यावर वर्षभरात अडचण उरली नाही. कारण या कामातले इंग्रजी ठरावीक असते, क्रियापदे तीच आणि वाक्येही आखूड.

राहिला क्लासचा प्रश्न. पैसे भरण्यापूर्वी वडिलांना सोबत घेऊन पुण्याला एकदा जाऊन या, मागच्या तुकडीतील पाच मुलांचे फोन नंबर मागा आणि प्रत्येकाला विचारा की तो आज सॉकमध्ये बसतो की कॉल सेंटरमध्ये. नोकरीची हमी आणि नोकरी न लागल्यास पैसे परत करण्याची अट लेटरहेडवर लिहून मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर चहा घेऊन परतीची गाडी पकडा आणि त्या दीड लाखातले वीस-पंचवीस हजार एका चांगल्या लॅपटॉपला लावा.