तापात आकडी आली म्हणून अंगणवाडी बंद?

"म्याडम, तापात झटका आला होता पोरीले, आता थे मंद तं नाही होणार?"

ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाला बसलं की पावसाळाभर हा प्रश्न येतो. कोणी सरळ विचारतं, कोणी "नस दबली का" असं आडून. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

मुलगी तीन वर्षांची. दीड वर्षाची असताना तापात आकडी आली होती. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, दोनेक मिनिटांत थांबलं. थोडं झोपून उठल्यावर तिनं पाणी मागितलं. डॉक्टरांनी तपासून तापातली साधी आकडी असल्याचं सांगितलं. पुन्हा आली नाही. पण घरानं तेव्हापासून तिला मोकळं सोडलंच नव्हतं. आईबाप कापूस वेचायला, पोर आजीच्या ताब्यात. अंगणवाडी बंद. दही, केळं 'थंड' म्हणून बंद. लसीनं ताप येतो म्हणून दीड वर्षाचा डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, दोन्ही राहिलेले. माझ्यासमोरही पोरगी मांडीवरून उतरायला बघायची आणि आजींचा हात आपसूक तिच्या पोटाभोवती आवळायचा.

वाढीच्या कार्डावर वजनाची रेघ जवळजवळ आडवी पडली होती, हिमोग्लोबिन ९, म्हणजे रक्त कमी. मेंदूची काळजी करता करता पोट राहून गेलं होतं.

सून गप्प होती. आजींना बाहेर चहाला पाठवल्यावर बोलली. "त्या रात्री औषध द्याले मले उशीर झाला. सासूबाई अजून तेच काढते." हे ओझं बहुतेक आयांच्या डोक्यावर असतं आणि ते विनाकारण असतं. कितीदा तर आकडी आल्यावरच घरच्यांना ताप कळतो. पॅरासिटामॉलनं लेकराला बरं वाटतं, पण वेळेवर दिलं म्हणून आकडी टळेलच असं नाही. आजी परतल्यावर हे मी त्यांच्यादेखतच पुन्हा सांगितलं.

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांत अशी आकडी येते, घराण्यात कोणाला आली असेल तर जास्त. साधारण तिघांतल्या एकाला ती पुन्हा येते, हेही लपवू नये. पण पुढचं काय? अमेरिकेतल्या बालमेंदूविकारतज्ज्ञ कॅरिन नेल्सन आणि संख्याशास्त्रज्ञ जोनास एलेनबर्ग यांनी १९७६ साली अशा १,७०६ मुलांचा सातव्या वर्षापर्यंतचा हिशेब मांडला. आधीपासून वाढ नीट असलेल्या आणि साधीच आकडी आलेल्या मुलांत मिरगी हजारात ११ जणांना झाली. तापातली आकडी कधीच न आलेल्यांत हजारात ५. आजींना हजार-पाचशेत रस नव्हता. मग १९७८ चा त्यांचाच दुसरा अभ्यास सांगितला. आकडी आलेल्या ४३१ मुलांची बुद्धी त्यांनी सातव्या वर्षी सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिली. फरक निघाला नाही.

"एकाच मायचे लेकरं?"

"हो आजी, एकाच घरातले."

तेव्हा कुठे त्या खुर्चीत मागे टेकल्या.

धीर देताना मी एक गोष्ट मात्र सोडत नाही. प्रत्येक तापातली आकडी साधी नसते. आपल्याकडे मलेरिया आहे, गडचिरोलीकडे तर फारच. चांदीपुरा विषाणू १९६५ साली पहिल्यांदा सापडला तोच नागपूर भागात, तिथल्या चांदीपुरा गावावरून त्याला नाव पडलं, आणि त्याच्या संसर्गात ताप, झटके, बेशुद्धी हे सगळं काही तासांत होऊ शकतं. म्हणून आकडी पाच मिनिटांवर गेली, एकाच बाजूला आली, दिवसात दुसऱ्यांदा आली, मान ताठली, किंवा थांबल्यावर लेकरू भानावर येत नसेल, तर घरी थांबायचं नाही, १०८ लावायचा. पहिल्यांदाच आली असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

आकडी चालू असताना कुशीवर वळवायचं, घड्याळ पाहायचं, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालायचं नाही. कांदा हुंगवणं आणि हातात लोखंड देणं यावर मी वाद घालत बसत नाही. फक्त कांदा शोधण्यात कुशीवर वळवायचं राहू नये, एवढंच.

लसी थांबवायचं कारण नव्हतं. दोन्ही डोस त्याच आठवड्यात झाले, ताप आला आणि उतरला. रक्तवाढीचं सिरप डॉक्टरांनी सुरू केलं, ताटात तुरीचं वरण, अंडं, केळं आलं. काही अभ्यासांत रक्तक्षय असलेल्या लेकरांत तापातली आकडी जास्त दिसली आहे, त्यामुळे सिरपवर आजींचाही विश्वास बसला.

अंगणवाडीवर घोडं अडलं. "तिथं झटका आला तं कोण पाहीन?" प्रश्न रास्त होता. सेविकेला बोलावून आजींसमोरच सगळं समजावलं, एका कागदावर लिहून भिंतीला लावायला दिलं. पोरगी आता रोज जाते. सेविकेची तक्रार वेगळीच आहे, आजीही रोज येतात, ओसरीवर बसून सगळ्या लेकरांच्या कपाळाला हात लावून पाहतात आणि कोणाचं अंग जरा कोमट लागलं की त्याच्या आईला वावरातून बोलावणं धाडतात.