डावीकडचे जग हरवते तेव्हा

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

पक्षाघाताच्या रुग्णांसोबत काम करायचे तू ठरवलेस, हे ऐकून फार समाधान वाटले. स्नायूंची ताकद कशी तपासायची, रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे, खुर्चीत कसे बसवायचे हे तू शिकली आहेस आणि सरावाने त्यात तुझा हातही बसेल. त्यामुळे त्याविषयी काही लिहीत नाही. स्ट्रोकनंतर, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक बिघडल्यानंतर, माणसाला जाणवणारे जगच बदललेले असू शकते, आणि आपले काही हरवले आहे याचा त्याला स्वतःला पत्ताही नसतो, हे मात्र तू पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावेस असे मला वाटते.

मेंदूच्या उजव्या गोलार्धाला, विशेषतः त्यातल्या पॅरायटल म्हणजे वरच्या-मागच्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचे डावीकडे लक्षच जात नाही. असा रुग्ण ताटाच्या उजव्या अर्ध्या भागातले सगळे संपवतो आणि जेवण कमी वाढल्याची तक्रार करतो. तेच ताट कोणी फिरवून ठेवले की उरलेले अन्न त्याला सापडते आणि तो पुन्हा जेवू लागतो. दाढी फक्त उजव्या गालाची होते. घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर वर्तुळ बऱ्यापैकी जमते, पण बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवलेले असतात आणि डावा अर्धा भाग कोरा राहतो. चित्र पूर्ण झाले का, असे विचारल्यावर तो शांतपणे ‘हो’ म्हणतो. हा डोळ्यांचा दोष नव्हे. ज्याची एका बाजूची नुसती दृष्टी गेली आहे, त्याला हळूहळू ते उमगते आणि तो मान वळवून पाहू लागतो. इथे मान वळवण्याचे कारणच रुग्णाला जाणवत नाही.

बिसियाक आणि लुत्सात्ती या इटालियन संशोधकांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण तू अवश्य अभ्यासावेस. त्यांनी अशा रुग्णांना मिलान शहरातला कॅथेड्रलसमोरचा, त्यांच्या चांगल्या परिचयाचा चौक डोळ्यांसमोर आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केल्यावर त्यांनी प्रामुख्याने उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या बाजूने चौकाकडे पाहत आहोत अशी कल्पना करायला सांगितल्यावर मघाशी वगळलेल्या इमारती आठवल्या आणि आधी सांगितलेल्या गळाल्या. म्हणजे आठवण शाबूत होती, पण मनात उभ्या राहिलेल्या चित्राचीही डावी बाजू जाणिवेपर्यंत पोहोचत नव्हती. पुढे 1988 मध्ये मार्शल आणि हॅलिगन या संशोधकांनी एका स्त्री रुग्णाला घराची दोन चित्रे दाखवली, त्यांपैकी एका घराच्या डाव्या बाजूने ज्वाळा निघत होत्या. दोन्ही घरे सारखीच आहेत, असे ती म्हणाली. तरीही कोणत्या घरात राहायला आवडेल, असे विचारल्यावर बहुतेक वेळा तिने न जळणारे घर निवडले. न जाणवलेली गोष्टही माणसाच्या आत कुठेतरी नोंदली जाऊ शकते, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

याहून अवघड प्रसंग पुढे आहे. डावा हात पूर्ण लुळा पडलेला असताना रुग्ण आपल्याला काही झालेलेच नाही असे ठामपणे सांगतो. हात वर करायला सांगितले तर ‘केला की’ म्हणतो. क्वचित तो हात आपला नसून दुसऱ्या कुणाचा आहे, असेही सांगतो. बाबिन्स्की या फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञाने 1914 मध्ये या स्थितीला ‘अ‍ॅनोसोग्नोसिया’ हे नाव दिले. घरच्यांना वाटते, माणूस हट्टी झाला आहे किंवा दुःख सहन होत नाही म्हणून मनाची समजूत घालतो आहे. मला हे दुसरे स्पष्टीकरणही अपुरे वाटते. डाव्या कानात थंड पाणी सोडून तोल सांभाळणारी यंत्रणा उत्तेजित केली असता काही रुग्णांना थोड्या वेळापुरते आपले अपंगत्व कळल्याच्या नोंदी आहेत, आणि परिणाम ओसरल्यावर तेच रुग्ण पुन्हा नकार देऊ लागले. नुसती मनाची समजूत असती, तर ती कानातल्या थंड पाण्याने कशी दूर झाली असती?

म्हणून रुग्णाशी वाद घालू नकोस आणि नातेवाइकांनाही घालू देऊ नकोस. बाटलीचे झाकण उघडण्यासारखे दोन हातांचे काम त्याला सुरक्षितपणे करून पाहू दे आणि अडले की शेजारी थांब. सुरुवातीला त्याच्या उजवीकडून बोल, म्हणजे तो दचकणार नाही. मग सावकाश त्याचे लक्ष मध्यावर आणि तिथून डावीकडे आण. वाचताना पानाच्या डाव्या कडेला ठळक लाल रेघ ओढून दे आणि प्रत्येक ओळ त्या रेघेपासून सुरू करायची सवय लाव. त्याचा डावा हात चाकाच्या खुर्चीत अडकलेला नाही ना, हे प्रत्येक वेळी तूच पाहा, कारण त्याला ते जाणवणार नाही. आपल्याला चालता येते अशी खात्री असलेला माणूस अचानक उठून पडतो, तेव्हा पलंगापाशी कोणीतरी असायलाच हवे. बऱ्याच जणांमध्ये हा नकार काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो, आणि मग खरे दुःख सुरू होते. त्या काळात त्यांच्याकडे अधिक लक्ष दे.

याच अजाणतेपणामुळे उपचाराला उशीरही होतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने बंद झाली असेल तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे, आणि गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झालेले, हात गळालेला दिसत असताना माणूस ‘मला काही झालेले नाही’ म्हणाला, तरी त्याच्या शब्दावर थांबायचे नाही, हे भेटेल त्या प्रत्येक कुटुंबाला सांगत जा.

याच्या अगदी उलट स्थितीही तुला क्वचित भेटेल. मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागाच्या पुढच्या बाजूस इजा झाली, की हातपाय, चेहरा आणि वाचा सारे थांबते, पण माणूस पूर्ण शुद्धीवर असू शकतो. बहुधा नजर वरखाली करणे आणि पापण्या हलवणे एवढेच त्याच्या हाती उरते. अशा रुग्णाच्या उशाशी त्याच्या भवितव्याची चर्चा होते आणि तो ती सगळी ऐकत असतो. निश्चल पडलेल्या कोणत्याही रुग्णाला बेशुद्ध मानण्याआधी त्याच्या नजरेसमोर ये, त्याचे नाव घे, ‘वर पाहा, आता खाली पाहा’ असे स्पष्ट सांग आणि पुरेसा वेळ वाट बघ. प्रतिसाद मिळाला तर डॉक्टरांना लगेच कळव, हो आणि नाही यांच्या खुणा ठरव, आणि पुढच्या पाळीत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी त्या लिहून ठेव.