मॅल कुठे गेला?

प्रिय मावशी,
मी ३४ वर्षांचा, राहतो ठाण्याला. जुनी अमेरिकन रोमान्स कॉमिक्स जमवतो (हसू नका). अडीच वर्षांपूर्वी, साखरपुडा महिन्यावर आला असताना, तिच्या घरी गेलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. ती फोनवर म्हणत होती, "हो म्हणून टाकायचं, दुसरं कोण मिळणारेय?" मी तसाच जिना उतरलो. दुसऱ्या दिवशी "जमणार नाही" असा मेसेज केला आणि तिचे फोन उचलणं बंद केलं. गेल्या वर्षी कळलं की ती मामेबहिणीच्या स्थळाबद्दल बोलत होती. सगळा गैरसमज झाला. पाच आठवड्यांपूर्वी माझे बाबा गेले. तिचा मेसेज आला, "काकांचं कळलं. काळजी घे." उत्तराचे अकरा मसुदे लिहिले. पहिला एवढाच होता, "मेसेज आईला वाचून दाखवला. थँक्स." अकरावा तीन पानी झालाय. कॉमिक्समध्ये शेवटच्या चौकटीत सगळं सुटतं. माझी ती चौकट कधी येणार?
– अकरावा मसुदा

अरे अकराव्या मसुद्या,

हसायचं काय त्यात? १९४७ साली 'यंग रोमान्स' काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी म्हणजे 'कॅप्टन अमेरिका'ला जन्म देणारी जोडी. त्यांना रडणाऱ्या मुली काढायला लाज वाटली नाही, तर तुला वाचायला कसली?

त्या गोष्टींची मेख तुला माझ्याहून जास्त ठाऊक. नायिका त्याला परक्या मुलीच्या गळ्यात पडलेलं बघते, मग पानंच्या पानं उशी भिजवते, आणि शेवटी ती मुलगी त्याची बहीण निघते. एका प्रश्नात मिटलं असतं. पण तो प्रश्न लगेच विचारला, तर पुढची पानं भरायची कशाने? तिथे न विचारणं ही लेखकाची गरज असते. तुला कुणी पानं भरायला दिली नव्हती. आणि १९५४ च्या कॉमिक्स कोडने तर प्रेमकथेत घराचं मोल आणि विवाहाचं पावित्र्य ठसवा, असा नियमच घालून दिला. म्हणजे तुझ्या लाडक्या शेवटच्या चौकटीचा मुहूर्त बऱ्याचदा सेन्सॉरने काढलेला असायचा.

आता एकच चौकट नीट बघ. 'सीक्रेट हार्ट्स'चा ८३ वा अंक, १९६२, चित्र टोनी अब्रुझोचं. मुलगी पाण्यात बुडतेय आणि मनात म्हणतेय, पेटका आला तरी बेहत्तर, मॅलला हाक मारण्यापेक्षा बुडालेली बरी. मागे तोच मॅल उलटलेल्या होडीला धरून आहे. पुढच्याच वर्षी रॉय लिक्टेनस्टाइनने त्यावरून मोठं चित्र रंगवलं, ते आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याने होडी उडवली, मुलगा उडवला, पेटका गाळला आणि मॅलचा ब्रॅड केला. उरली ती मुलगी, लाटा आणि तिचं दुःख. दिसतं देखणं, यात वाद नाही.

तूही तेच केलंयस. पत्रात तुझा जिना आहे, तुझे मसुदे आहेत, तुझे बाबा आहेत. ती कुठाय? साखरपुडा महिन्यावर, आणि हातात दोन शब्दांचा नकार. तिने घरी काय सांगितलं असेल? आईने किती वेळा विचारलं असेल, "तूच काही बोललीस का गं त्याला?" याबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही.

आणि हे "गैरसमज झाला". पाऊस झाला, उशीर झाला, तसा. कुणी केला त्याचा पत्ताच लागत नाही. आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे. कितीतरी नवरे तिच्यावर संसार रेटतात. "मी गैरसमज करून घेतला आणि विचारलं नाही," असं लिहून बघ. हात अडखळतो ना?

आधी तिच्या मेसेजला उत्तर दे, आणि ते बाबांपुरतंच ठेव. माणूस गेल्यावर कुणी विचारपूस केली, तर तिला प्रेमपत्राने उत्तर देऊ नये. पंधरा दिवस जाऊ देत, मग दुसरं लिही. त्यात दाराबाहेर काय ऐकलंस ते, आणि खरं कळल्यावरही वर्षभर गप्प का बसलास तेही. माझ्या मते त्या जिन्यापेक्षा हे वर्ष जड आहे. जिना उतरलास तेव्हा निदान दुखावलेला तरी होतास. शेवटी "भेटूया का?" असं चिकटवू नकोस. माफीखाली मागणी जोडली की तिचा अर्ज होतो. तिचं एव्हाना लग्न झालेलं असेल. ती चिडेल, किंवा उत्तरच देणार नाही. तो तिचा हक्क, आणि तू तो अडीच वर्षं वापरलायस.

पहिलं उत्तर मात्र नव्याने लिहायची गरज नाही. तो एका ओळीचा मसुदा फोनमध्ये आहे ना अजून? तोच पाठव. "थँक्स" काढलास तरी चालेल.

– मावशी